कोपऱ्यातल्या गोलातली ताई

मित्रांनो, टीव्हीखालच्या फळीवर बसलेला एक काळा, चपटा डबा तुम्ही पाहिला असेल. वरून बोट फिरवलं तर धूळ लागते आणि पुढे एक इवलासा दिवा मिणमिणत असतो. तोच मी, एक जुना सेट-टॉप बॉक्स. आता म्हातारा झालोय खरा, पण त्या दहा दिवसांची आठवण निघाली की माझा पंखा अजूनही गरगर फिरू लागतो!

कारखान्यात माझ्या पोटात एक हार्ड डिस्क बसवली गेली. त्यामुळे टीव्हीवर लागलेला कार्यक्रम मी साठवून ठेवू शकत होतो. या घरात आलो तेव्हा माझं केवढं कौतुक झालं! "आता एकही भाग चुकायचा नाही," असं म्हणत आत्याने रिमोट जो हातात घेतला, तो सोडलाच नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. दोन बहिणींच्या बेकरीची एक मालिका तिला फार आवडायची. मालिका कधीच संपली होती, पण तिचे सगळे दोनशे बारा भाग मी पोटात घेऊन बसलो होतो.

बाबा सुतार. घरामागेच त्यांचं वर्कशॉप होतं. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून घरात सगळे हातांनी बोलत. आत्याही हातांनी बोलायची, पण तिचं तोंडही सोबत चालूच असायचं.

एके दिवशी ताई, म्हणजे बाबांची एकुलती एक लेक, धावतच आत आली. "मला बोलावलंय!" तिचे हात आणि तोंड एकदमच सुटले. "दुपारी एकच्या बातम्या खुणांच्या भाषेत सांगायच्या! पडद्याच्या कोपऱ्यात गोल असतो ना, त्या गोलात मी दिसणार. दहा दिवस बघतील, मग ठरवतील."

"एवढ्याशा गोलात? मोठा द्यायला काय झालं त्यांना?" आत्या म्हणाली.

बाबांनी मात्र लेकीचे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत.

दुपारी एकला सगळे कामात असत, म्हणून बातम्या मी साठवायच्या आणि संध्याकाळी बाप-लेकीने बघायच्या असं ठरलं. बाबा डोळ्यांत तेल घालून बघत. जरा कुठे चुकलं की 'थांबव' अशी खूण करत. पण नेमकी तीच आत्याची मालिका बघायची वेळ! "अरे, झालं का नाही तुमचं? मला माझे भाग बघायचेत," असा तिचा धोशा सुरू व्हायचा. तिसऱ्या दिवशी बाबा बातम्या अर्ध्यावर सोडून वर्कशॉपमध्ये निघून गेले. ताईचा चेहरा पडला.

"त्यांनी नाही बघितलं तर हिच्या चुका कोण काढणार?" आई म्हणाली. "आपल्याला तर सगळं बरोबरच वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने केबलवाल्याला बोलावलं. वर्कशॉपमधल्या छोट्या टीव्हीला त्याने एक नवा बॉक्स जोडला. त्याच्यात हार्ड डिस्क नव्हती. "याला स्वतःचं साठवायला येत नाही," केबलवाल्याने समजावलं. "रेकॉर्डिंग हॉलमधल्या बॉक्सकडेच राहील. हा ते वायरीवरून मागून घेईल. इकडे आत्यांची मालिका, तिकडे बातम्या!"

माझा तर आनंद गगनात मावेना. पण थोड्या वेळाने मागच्या दारातून त्याची हाक आली, "वहिनी, हा नवा बॉक्स म्हणतोय, घरात दुसरा बॉक्सच नाही!"

नाही कसा? मी इथे धडधाकट बसलो होतो!

वर्कशॉपचा राउटर वेगळा होता, त्यामुळे आम्हा दोघांची गाठच पडत नव्हती. मग केबलवाल्याने भिंतीच्या कडेकडेने लांबलचक वायर ओढली आणि दोघांना एकाच राउटरला जोडलं. माझं रेकॉर्डिंग दुसऱ्याला दाखवायची परवानगीही बंद होती, तीही चालू केली. आणि मित्रांनो, वायरीतून पहिली हाक आली, 'तुझ्याकडे काय काय आहे?' मी अख्खी यादीच पुढे केली!

त्या संध्याकाळी तिकडून अकरा वेळा थांबवलं, अकरा वेळा मागे घेतलं. वर्कशॉप मला दिसत नव्हतं, पण जिथे थांबलं तिथे बाबांनी चूक धरली, हे मी ओळखलं. थोड्या वेळाने ताई हॉलमध्ये आली. "आई, माझा डावा हात गोलाच्या बाहेर जातो! बाबांनी बरोबर पकडलं. अर्धा शब्द कापलाच जात होता."

दुसऱ्या दिवशी बाबांनी लाकडाचं एक मोठं कडं करून हॉलच्या छताच्या हुकाला टांगलं. ताई त्याच्यामागे उभी राहून सराव करायची. हात कड्याला लागला की आई म्हणायची, "गेला शब्द!"

दहावा दिवस उजाडला. निवड झाली नाही तर हे ताईचं शेवटचं बातमीपत्र. बाबा आणि आई गिऱ्हाइकाकडे कपाट बसवायला गेले होते. घरात एकटी आत्या. एकला पाच मिनिटं असताना मी पडद्यावर सूचना दिली, 'जागा शिल्लक नाही.' माझाच जीव टांगणीला लागला.

आत्याने केबलवाल्याला फोन लावला. "अरे, जागा नाही म्हणतोय मेला! आणि मला तीनच बटणं येतात."

तो काय म्हणाला ते फोनवर मोठ्याने ऐकू येत होतं. "काहीतरी पुसावं लागेल, आत्या. यादीत सगळ्यात मोठं काय आहे?"

आत्याने यादी बघितली. "माझी मालिका. शेवटचे तीस भाग बघायचे राहिलेत."

"मग एकेक जुना भाग निवडून पुसा. सांगतो कसं ते. पाच-सात मिनिटं लागतील."

"माझ्याकडे तीनच मिनिटं आहेत. सगळं एकदम पुसायचं सांग."

"लाल बटण. दोनदा."

आत्याने डोळे मिटले आणि दाबलं. माझं पोट एकदम हलकं झालं. एकच्या ठोक्याला रेकॉर्डिंगचा दिवा लागला!

संध्याकाळी बाबा भुशाने भरलेल्या कपड्यांनिशी थेट वर्कशॉपमध्ये गेले. हाक आली, मी बातम्या पाठवू लागलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. तिकडून एकदाही थांबवलं नाही! बातम्या संपताच बाबा धावत हॉलमध्ये आले आणि हातवारे करू लागले.

"एकही चूक नाही म्हणतोय!" आत्या ओरडली. तेवढ्यात फोन वाजला. ताई होती, निकालासाठी स्टुडिओतच थांबलेली. पुढे काय झालं ते मला नीट कळलंच नाही, कारण आत्या एकाच वेळी रडत, ओरडत आणि हातांनी भावाला सांगत होती, "घेतलं! तिला घेतलं!"

जरा वेळाने आईने यादी उघडली. "वन्सं, तुमची मालिका कुठाय?"

"शेवट मी मनातच करून टाकला," आत्या म्हणाली. "बेकरी चालते आणि बहिणी एकत्र येतात. अजून काय होणार?"

मित्रांनो, हल्ली माझी डिस्क खरखरते. माझ्या पाठीवर कापड टाकू नका, फुलदाणी ठेवू नका, गरम हवा बाहेर पडू द्या. महिन्यातून एकदा धूळ पुसलीत तरी मी खूश आहे. आणि माझ्यासारख्या कुणाच्या पोटातलं काही पुसायची वेळ आली, तर बटण दाबण्याआधी घरभर फिरून एकदा विचारा, "हे अजून कुणाला बघायचंय का?"