मुकी पट्टी

त्या दिवशी आभाळ सकाळपासून दाटलेलं होतं, पण थेंब काही पडत नव्हता. हवा इतकी दमट की माझा भाता ओल्या पोत्यासारखा जड झालेला. मी अकॉर्डियन बोलतोय, इस्त्रीच्या दुकानातल्या फळीवरचा. एका गोष्टीचा मला अजून उलगडा होत नाही, म्हणून सांगतो. सावकाश सांगेन, चालेल ना?

मला कुणी घडवलं ते आठवत नाही. इस्त्रीवाल्याने जुन्या बाजारातून आणलं तेव्हाच माझी एक पट्टी मुकी होती. दाबली की नुसती हवा जायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मला मांडीवर घ्यायचा आणि स्वतःच रचलेली एक चाल वाजवायचा. चाल नेमकी त्या पट्टीवर येऊन अडायची. मग इस्त्री फिरवणारी त्याची बायको मान वर न करता म्हणायची, ‘‘हूं.’’ तेवढा सूर तिचा. भांडण झालेलं असलं की ती मुद्दाम गप्प बसायची, आणि हा तिथेच भाता ओढत ताटकळायचा. शेवटी तिला हसू यायचं.

सुनेने एकदा ते फोनवर टिपलं आणि कौतुकाने माहेरी पाठवलं. तिथून ते कुठे कुठे फिरलं, कुणास ठाऊक. थोड्याच दिवसांत समोरच्या न्हाव्याच्या रेडिओवर आमचीच चाल वाजायला लागली. खाली धडधड ठेका, आणि अडायच्या जागी कुणा पोरीचा लाडिक ‘हूं’. मग दुसऱ्या गाण्यात ‘हूं’, तिसऱ्यात ‘हूं’, साबणाच्या जाहिरातीत ‘हूं’. रेडिओवरचा बोलका माणूस म्हणाला, हा या वर्षीचा नवा ढंग आहे. नवा? मी बुचकळ्यात पडलो. माझ्या मोडक्या पट्टीचा ढंग कसा झाला?

कपडे घ्यायला येणारे म्हणू लागले, या वयातही नवीन गाणी उचलता हो तुम्ही. म्हातारा हसून कपड्यांचा गठ्ठा पुढे सरकवायचा. पण एकदा एकटा असताना तो माझ्या भात्यावर हात ठेवून पुटपुटला, ‘‘मीच कुठेतरी ऐकून उचलली नसेल ना रे?’’ रेडिओ इतक्या वेळा ऐकला होता की माझीही खात्री राहिली नव्हती.

सुनेला मात्र सहन होईना. तिला वाटलं, वाद्य धड असलं तर लोकांना पटेल की चाल यांचीच. तिने मला दुरुस्तीला नेलं. कारागिराने आतली पितळी पत्ती बदलली आणि मुकी पट्टी बोलायला लागली. घरी आल्यावर म्हाताऱ्याने वाजवलं. सवयीने बोट त्याच पट्टीवर गेलं आणि खणखणीत सूर निघाला. म्हातारीचं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. नंतर तिने कधी प्रयत्न केला नाही. तो तिच्याकडे बघत वाजवायचा, ती कॉलर दाबत राहायची. पट्टी बरी झाली, तरी मला ओकंओकं का वाटावं?

तर त्या दमट दिवशी त्याने मला पुन्हा घेतलं. चाल त्या जागी आली आणि त्याने बोट वरच्यावर धरलं. इतक्या वर्षांची सवय, बोट खाली ओढ घेत होतं. पण टेकवलं नाही. दुकानात नुसता माझ्या भात्याचा श्वास. म्हातारीची इस्त्री थांबली. तिने मान वर केली, त्याच्याकडे बघितलं, आणि बऱ्याच वेळाने, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘‘हूं.’’

चाल पुढे निघाली. माझा भाता कसा हलका झाला म्हणून सांगू.

आता उलगडा होत नाही तो पुढचाच. तुम्हाला झाला तर मला जरूर सांगा. न्हावी खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा होता. वर्षानुवर्षं समोर बसून हीच चाल ऐकलेला, भला माणूस. खूश होऊन तो म्हाताऱ्याला म्हणाला, ‘‘आज हुबेहूब जमलं की, काका. फक्त काकूंना सांगा, मूळ गाण्यात तो ‘हूं’ जरा लवकर येतो.’’