माहिती देणारा : भाऊ

मोटारसायकलच्या अपघाताची फाइल आली की खात्यातले सगळे ती मास्तरीणबाईंच्या टेबलावर ढकलायचे. बाई कुठल्या शाळेत नव्हती, इस्पितळाच्या नोंदींच्या खात्यात कोडिंग करायची. डॉक्टरांनी खरडलेलं वाचायचं आणि प्रत्येक जखमेला ठरलेला कोड द्यायचा. जखमी माणूस गाडी चालवत होता की मागे बसला होता, याचेही कोड वेगळे. कोणी चुकलं की ती त्याला टेबलापाशी उभं करून झापायची, म्हणून ते नाव पडलं होतं. लिहिलेलं नाही म्हणजे झालेलं नाही, हे तर ती दिवसातून चारदा ऐकवायची. ऐकून ऐकून लोकांचे कान किटले होते, पण जखमा वाचाव्यात त्या हिनेच, हे तिच्या नावाने बोटं मोडणारेसुद्धा कबूल करायचे.

तिचं एक मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. अशी फाइल उघडली की मागून कोणीतरी तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवायचं. वळून बघावं तर भिंत आणि कॅलेंडर. नोकरीला लागल्यापासून हे चाललं होतं. सांगणार कोणाला? डोकं फिरलं म्हणाले असते, दुसरं काय.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर साहेबांनी जुन्या अपघातांचा गठ्ठा आणून ठेवला. कसल्याशा अभ्यासासाठी तो पुन्हा तपासायचा होता. नावं काळ्या शाईने झाकलेली होती.

चौथी फाइल. मुलगी, वय अठरा. दोन्ही अंगठ्यांची हाडं मुळाशी मोडलेली. जांघेत आणि ओटीपोटाखाली जबर मुका मार. पान न उलटताच तिने चालकाचा कोड टाकला. यात विचार काय करायचा? हँडल घट्ट धरलं की धक्क्याने अंगठे जातात, आणि पेट्रोलची टाकी बसते ती चालवणाऱ्याला. मागच्याला टाकी लागणार कुठून?

पान उलटलं. 'मोटारसायकलवर मागे बसलेली.'

"आले शहाणे," ती त्या न पाहिलेल्या डॉक्टरवर करवादली. लाल पेन घ्यायला हात पुढे केला, तेव्हा लक्षात आलं की डावा हात केव्हापासून उजवा अंगठा चोळत होता. मग तिने तारीख वाचली.

खांद्यांवरचे हात जड झाले.

फाइल तिचीच होती. दादाने तिला गाडी शिकवायला घेतली होती, लायसन्सचा पत्ता नव्हता. पुढे ती, मागे तो, त्याचे दोन्ही हात तिच्या खांद्यांवर. "घाबरू नकोस, मी आहे ना मागे," म्हणाला आणि वळणावर समोरून टेम्पो आला. ती शुद्धीवर आली चौथ्या दिवशी. तोवर सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की दादाने गाडी बेफाम हाणली, स्वतः जागच्या जागी गेला आणि मागे बसलेली बहीण नशिबाने वाचली. आधी घशात नळी होती म्हणून ती बोलली नाही. नळी निघाली तेव्हा आई दादाला शिव्याशाप देत तिच्या केसांवरून हात फिरवत होती, आणि तो हात तिला हवा होता. मग बोलायचं राहिलं ते राहिलंच. आईने दादाचा फोटो कपाटात कपड्यांच्या तळाशी घातला. पोटच्या पोराचं नाव ती घ्यायची ते शिव्या द्यायलाच.

डॉक्टरांनीच आपल्या मनाने तसं लिहिलं असणार, अशी तिने बारा वर्षं समजूत करून घेतली होती. आता ती खालच्या ओळीवर आली.

'माहिती देणारा : भाऊ. शेजारच्या खाटेवर, शुद्धीत. गाडी स्वतः चालवत होतो असं सांगतो. बहीण कशी आहे, हे वारंवार विचारतो.'

जागच्या जागी गेला, असं मामाने सांगितलं होतं. आईला कमी त्रास व्हावा म्हणून सांगितलं असेल. पण दादा बोलत होता. मरता मरता तो तिच्यासाठी खोटं बोलला होता, आणि ते कागदावर चढलं होतं.

ती फाइल घेऊन साहेबांकडे गेली. "ही माझी आहे. मला करता येणार नाही."

"नाव तर झाकलंय. कशावरून तुझी?"

"जखमांवरून."

साहेबांनी पानं चाळली. ते कामात मुरलेले होते, अंगठ्यांपाशीच थांबले. "चालवत कोण होतं?"

"मी," ती म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

साहेबांनी फाइल मिटली. "तू सांगितलंस म्हणून हे बदलता येणार नाही. डॉक्टरही आता हयात नाहीत. कागद आहे तसाच राहील, बाई. तुला ठाऊक आहे."

ठाऊक कसं नसणार? तिचीच शिकवण. कागद सुधारणार नव्हता, म्हणजे आता सांगणं तोंडानेच आलं. ती तशीच रजा टाकून घरी गेली.

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. लेकीने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. आईचे हात थांबले.

"बारा वर्षं मी त्याला नाही नाही ते बोलले," आई म्हणाली. "आणि तू ऐकत होतीस."

"हो."

आईने मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिने हातातली घडी मोडली, पुन्हा घातली, पुन्हा मोडली.

"म्हणजे तो बोलत होता?"

"हो. मी कशी आहे, हेच सारखं विचारत होता. लिहिलंय तसं."

"मग कोणी सांगितलं का त्याला? तू जिवंत आहेस म्हणून?"

ती फाइल तिला शब्द न् शब्द पाठ झाली होती. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"सांगितलं," मास्तरीणबाई म्हणाली. "लगेच सांगितलं, आई."

आईने मान हलवली. मग ती उठली, कपाट उघडलं आणि एकेक कपडा बाहेर काढत तळाशी हात घालून फोटो शोधू लागली. लेक दारात उभी राहून बघत होती. खांद्यांवरचे हात अजून तिथेच होते.