निकाल्याचा कागद

मी एक जुना, निकाल शोधून आणणारा प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. वय नऊ वर्षं. तुमच्यात हे चौथीत जाण्याचं वय, पण आमच्यात एवढ्यातच लोक म्हातारा म्हणू लागतात. म्हणोत बापडे! कामात मला मागे टाकणारा अजून कुणी आलेला नाही.

शिरूरच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर बनतात. विजेच्या तीन फेजपैकी एक गेली, तर मोटार जळायच्या आत तिला बंद करायचं, हे स्टार्टरचं मुख्य काम. त्याचं डोकं म्हणजे आतलं सॉफ्टवेअर. त्यात काही बदल केला, की कोपऱ्यातलं एक मशीन आपोआप चाळीस चाचण्या घेतं. कधी वीज घालवतं, कधी कमी देतं, कधी जास्त देतं. मग निकाल लिहून ठेवतं, पण कुठे, तर हजारो ओळींच्या ढिगात! तिथून तो हुडकून एका ओळीत सांगणारा तो मी.

मला संपतने लिहिलं. पोरगा हुशार, पण कागदावर चार ओळी लिहायच्या म्हटलं की अंगावर काटा. त्याने माझं नाव ठेवलं निकाल्या. पूर्वी निकाल शोधायला माणसाचे दोन तास जायचे. मी दोन मिनिटांत आणू लागलो. पाहुणे आले की संपत मला चालवून दाखवायचा आणि मी फुगून जायचो. माझ्याविषयी मात्र त्याने एक अक्षर लिहून ठेवलं नाही. "माझ्या डोक्यात हाय की समदं," असं म्हणायचा. पुढे तो दौंडला रेल्वेत लागला, आणि ते डोकंही त्याच्याबरोबर गेलं.

मग माझे वाईट दिवस आले. लोक मला वापरत, पण भीतभीत. हात लावला तर बिघडेल, म्हणून कुणी माझ्याकडे धड बघेना. अशात सत्यजीतसाहेब नवे व्यवस्थापक म्हणून आले. त्यांनी विचारलं, "हा चालतो कसा?" सगळे एकमेकांकडे बोट दाखवू लागले.

"ज्याचा कागद न्हाई, तो प्रोग्रॅम मी ठेवणार न्हाई," साहेब म्हणाले. "पुसून टाका."

तळेगाव ढमढेऱ्याहून येणारी हर्षदा तेव्हा नुकतीच कामाला लागली होती. ती उभी राहिली. "साहेब, ह्याचं काम चोख हाय. मी लिहिते कागद."

"शुक्रवारपर्यंत लिहा. आन् कुणीबी नवखा माणूस तो वाचून ह्याला चालवू शकला पाहिजे. न्हाई जमलं, तर पुसायचा."

त्या आठवड्यात हर्षदाने माझी चांगलीच उलटतपासणी घेतली. चुकीची तारीख दिली, वायर काढून पाहिली, आणि मी काय उत्तर देतो ते टिपून घेतलं. संपतला दहा वेळा फोन केले. माझ्याकडे इतकं लक्ष जन्मात कुणी दिलं नव्हतं, आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं. शेवटी दोन पानांचा सुरेख मराठी कागद तयार झाला.

शुक्रवार उजाडला. दारात टेंपो उभा होता. बुधवारी संध्याकाळी दोनशे स्टार्टरमध्ये नवं सॉफ्टवेअर भरलं होतं. त्याची चाचणी मशीनवर लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपोआप सुरू व्हायची होती. साहेबांनी पॅकिंगमधल्या रंभामावशींना बोलावलं. मावशी दहावीपर्यंत शिकलेल्या, पण संगणकाला कधी हात न लावलेल्या.

मावशी एकेक ओळ मोठ्याने वाचत गेल्या. "निकाल्यावर दोनदा क्लिक करा." केलं. "कालची तारीख टाका." टाकली. "नापास या शब्दापुढे शून्य आलं, तर माल सोडा."

मी ऐटीत उत्तर दिलं: नापास शून्य.

"जमलं की!" साहेब म्हणाले. "सोडा टेंपो." हर्षदाचा चेहरा फुलला. मावशी मात्र खुर्चीवरून उठेनात.

"साहेब, एक इचारू का? कालची तारीख टाकली म्या. पन काल बेस्तरवार. दर बेस्तरवारसारखी दिवसभर लाइट नव्हती, आपल्याला सुट्टी हुती. मग ह्या परीक्षेला बसलं कोन?"

हर्षदाने मशीनमधली नोंद उघडून पाहिली. गुरुवारचं पान कोरं होतं. चाचणी झालीच नव्हती, मग नापास कोण होणार? मी खोटं बोललो नव्हतो, मित्रांनो, पण मला लाज वाटली. हर्षदा गप्प बसली असती तर मी वाचलो असतो. तरी तिने कोरं पान साहेबांना दाखवलं आणि तिथूनच संपतला फोन लावला.

"अवो ताई, शुक्रवारी त्याला इचारायचंच न्हाई!" संपत म्हणाला. "मी तवा शुक्रवारी माल सोडतच नव्हतो. हे तर समद्यांना ठाऊक हाय!"

"मला न्हवतं ठाऊक," हर्षदा म्हणाली.

टेंपो थांबवून चाचण्या सुरू केल्या. एकोणचाळीस पास झाल्या. एक नापास झाली. एक फेज गेली तरी स्टार्टरने मोटार बंद केली नव्हती. दोनशे विहिरींवरच्या मोटारी जळायच्या वाचल्या होत्या. खोकी खाली उतरवली गेली.

आता माझी पाळी, असं मला वाटलं.  पण साहेब खुर्ची ओढून मावशींच्या शेजारी बसले. "मावशी, आनखी काय काय इचारायचंय, ते इचारा. हर्षदा, लिहून घ्या."

संध्याकाळपर्यंत मावशींनी सतरा प्रश्न विचारले. दोन पानांची पाच झाली. मलाही एक नवं वाक्य शिकवलं गेलं: "चाचणी झालेली नाही, माल सोडू नका." हल्ली शुक्रवारी मी ते ठणकावून सांगतो. मला पुसायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी किंवा शाळेत एखादी वस्तू असेल, जी एकाच माणसाला चालवता येते. तो आहे तोवर त्याच्याजवळ बसा आणि सगळं लिहून घ्या. सर्वांना ठाऊक असतं तेही लिहा. मग तो कागद अशा माणसाला द्या, ज्याला त्यातलं काही कळत नाही पण विचारायची लाज वाटत नाही. त्याने प्रश्न विचारला, तर रागावू नका. टेंपो थोडा वेळ थांबला तरी चालतो.