तांबड्या साळीचा राब

"भिमाजी, भिंतीपलीकडे तो ढीग कसला हो?"

माधवी मॅडमनी, सोसायटीच्या अध्यक्षबाईंनी, हे विचारलं तेव्हा भिमाजी त्यांच्याच बंगल्यापुढचं मेंदीचं कुंपण कातरत होता. त्यानं कात्री थांबवली, टोपी काढून काखेत धरली.

"राब हाय मॅडम. भाताचा."

"म्हणजे जाळणार का तो?"

"भाजनार. पालापाचोळा, श्यान, वरून माती. भाजल्याबिगर तन मरत न्हाई, रोपं धरत न्हाईत."

"धूर होईल ना पण?"

"तासाभराचं काम हाय, मॅडम."

"मग रविवारनंतर करा. रविवारी आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं होताहेत. शनिवारी पुण्याहून ड्रोनवाला येणार आहे, आपल्या वसाहतीची फिल्म करायला. त्यात धूर नको. आणि रविवारी तुमचा सत्कार आहे, विसरू नका हं!"

"जी मॅडम," भिमाजी म्हणाला. हे दोन शब्द त्याच्या तोंडातून विचार करायच्या आधीच निघत. चोवीस वर्षांची सवय होती ती.

मिस्ट व्हॅली ही वसाहत लोणावळ्याजवळ, औंढ्याच्या शिवारात. तुंगार्लीची जागा संपली तसे पैसेवाले इकडे सरकले. चाळीस बंगले, डॉक्टर, कारखानदार, निवृत्त साहेब. शुक्रवारी संध्याकाळी गाड्या येणार, रविवारी संध्याकाळी जाणार, मधले पाच दिवस चाळीस घरांत मिळून कुत्री तेवढी राहणार. बंगल्यांची नावं मात्र काय एकेक! 'मृद्गंध', 'बांध', 'शिवार'. 'शिवार' नावाच्या बंगल्यात पोहायचा तलाव होता, परदेशी गवत होतं, शिवार कुठे औषधालाही नव्हतं. आणि गंमत अशी की तो बंगला उभा होता तिथे पूर्वी खरंच भिमाजीच्या बापाचं वावर होतं.

थोरल्या भावानं, महिपतीनं, सगळं विकून टाकलं. भिमाजीनं भिंतीलगतच्या सात गुंठ्यांवर तेवढी सही केली नाही. गाव त्याला येडा म्हणालं. बाकीच्या जमिनीवर भिंत उठली आणि वर्षभरात भिमाजी त्याच भिंतीच्या आत माळी म्हणून कामाला लागला. बापाच्या वावरात त्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची फुलं लावली. त्याला यात काही वावगं वाटत नसे, असं लोक म्हणत. लोकांना काय, काहीही म्हणतात.

त्या सात गुंठ्यांत तो एकच पीक घ्यायचा, आईची तांबडी साळ. साऱ्या गावानं केव्हाच इंद्रायणी धरली होती. तांबडी साळ उतारा कमी देते, उंच वाढून आडवी पडते, बाजारात तिला कुणी विचारत नाही. पण तिचा भात शिजला की तीन घरं पलीकडे कळायचं. कस्तुराबाईनं, त्याच्या आईनं, तिचं बियाणं एका काळ्या मडक्यात ठेवलं होतं, ते जपायचा लेकाकडून शब्द घेतला होता आणि सुनेला, शालनला, बजावलं होतं, "ह्ये मडकं कदी रिकामं करू नगं. आन् रिकामं न्हाई तर धुवायचं तरी कशाला?" म्हातारी जाऊन वीस वर्षं झाली, मडक्याला पाणी लागलं नव्हतं.

पण आदल्या वर्षी घोटाळा झाला. 'बांध' बंगल्यातल्या सिल्व्हर ओकच्या फांद्या छाटताना भिमाजी वरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. सोसायटीनं फळांची टोपली पाठवली, वर 'लवकर बरे व्हा' असं कार्ड. वावर पडीक राहिलं. बियाणं एक वर्षानं म्हातारं झालं. लोणावळ्याची हवा ही अशी दमट, भाताचं बी एक पावसाळा कसंबसं काढतं, दुसरा काढत नाही. यंदा पेरलं तरच तांबडी साळ जगणार होती. दुसऱ्या कुणाकडे मूठभरही उरली नव्हती, त्यानं पार पवनेच्या काठापर्यंत विचारून पाहिलं होतं.

म्हणून यंदा राबाला त्यानं जीव ओतला होता. मोडलेला पाय ओढत, हिवाळाभर सोसायटीचाच पाला पोत्यांतून वाहिला होता. शालननं गोवऱ्या थापल्या होत्या.

शुक्रवारी दुपारी ड्यूक्स नोजच्या सुळक्याच्या अंगानं काळं आभाळ चढलं आणि गडगडायला लागलं. शालन दारात उभी राहून बघत होती.

"वळीव यील उद्या परवा," ती म्हणाली. "भिजला तर राब बसला मातीत. मग पेटतोय व्हय तो?"

"मॅडमला शब्द दिलाय रविवारनंतरचा."

"आन् आत्याबाईला दिलेला? तो कुटं गेला?"

भिमाजीनं वाऱ्याचा अंदाज घेतला. मग म्हणाला, "पहाटे पेटवू. पहाटेचा वारा खाली वड्याकडं असतोय. उन्हं वर येईस्तवर उरकतंय."

हिशेब चुकीचा नव्हता. चाळीस वर्षं तो वारा ओळखत होता. पण रात्रीच्या दमट हवेनं पाला आतून सादळला होता. शनिवारी पहाटे त्यानं वाऱ्याच्या उलट्या अंगानं राब पेटवला, तो जळण्यापेक्षा धुमसायलाच लागला. अर्धा राब भाजून काळा झाला तोवर उन्हं आली, घाटाकडचा वारा उलटा फिरला, आणि पांढऱ्या धुराचा लोट भिंतीवरून थेट मिस्ट व्हॅलीत शिरला.

पाचच मिनिटांत मागचं छोटं फाटक उघडून ओंकार पळत आला. ओंकार म्हणजे महिपतीचा मुलगा, भिमाजीचा सख्खा पुतण्या. सोसायटीचा मॅनेजर होता, गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी. दोन पोरांचा बाप झाला तरी चुलत्यापुढे त्याचा आवाज अजून खाली यायचा.

"काका, ह्ये काय केलं? ड्रोन वर गेलाय! सगळा डोंगर धुरात हाय!"

"अर्धा झालाय रं. आता अर्ध्या तासाचं काम."

तेवढ्यात माधवी मॅडम आल्या. त्या ओरडल्या नाहीत. त्या कधीच कुणावर ओरडत नसत. तोंडावर ओढणी धरून त्या भाजलेल्या मातीच्या कडेला उभ्या राहिल्या.

"भिमाजी, आपलं ठरलं होतं ना?"

"व्हय मॅडम. पर वळीव..."

"मला वाईट वाटतंय. खरंच वाटतंय. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. विझवा ते."

"मॅडम, इजवलं तर राब गेला. बी म्हातारं हाय, राखेच्या उबीबिगर..."

"आपण तुम्हाला नवीन बियाणं आणून देऊ. चांगल्या कंपनीचं. ओंकार, पाइप आणा."

आगीच्या वेळी लागणारा तांबडा जाड पाइप ओंकारनं भिंतीवरून ओढून आणला. तोंड हातात धरलं, राबाकडे पाहिलं, शालनकडे पाहिलं. ती गोवरीचा तुकडा हातात घेऊन उभी होती, तसाच तिनं तो धरून ठेवला होता. ओंकारनं मान खाली घातली आणि पाइप चुलत्यापुढे केला.

"काका, तुमीच धरा," तो पुटपुटला. "मी मारलं तर गावात तोंड दाखवाया जागा न्हाई राह्यची मला."

म्हणजे बघा! पुतण्याला गावात तोंड दाखवायचं होतं. मॅडमना फिल्म दाखवायची होती. भिमाजीला काय दाखवायचं होतं? त्याच्या अंगावर सोसायटीचा हिरवा सदरा होता, खिशावर डोंगराचं चित्र. 'न्हाई' म्हणायला एवढासा वेळ पुरतो. तेवढा वेळ त्याच्यापाशी होता. मॅडम काही त्याचा हात धरून पाणी मारायला लावणार नव्हत्या.

"जी मॅडम," तो म्हणाला.

पाणी जोरात आलं. राख उडाली, चर्रर झालं, काळा चिखल बांधावरून ओढ्याकडे वाहायला लागला. भाजलेला अर्धा गेला आणि न भाजलेला अर्धाही गेला. भिमाजीनं झाडांना घालतो तसं कोपरान् कोपरा नीट पाणी घातलं. काम अर्धवट टाकायचं त्याला माहीतच नव्हतं. शालननं हातातली गोवरी हळूच खाली ठेवली आणि घराकडे चालायला लागली.

रविवारी क्लबहाउसमध्ये फिल्म लागली. भिमाजी शेवटच्या खुर्चीत बसला होता. पडद्यावर बंगले वरून दिसले, तलाव, रस्ते, मेंदीची कुंपणं. माधवी मॅडमचाच आवाज होता त्यात. इथे कोण कोण राहतं, कुणाला कुठला मान मिळालाय, आम्ही सारे एक परिवार कसे आहोत, निसर्गाच्या कुशीत, गावाच्या मातीशी नातं राखून. मग कॅमेरा भिंतीपलीकडे गेला. भिमाजी पुढे सरकला. पडद्यावर त्याचं वावर हिरवंगार होतं. ऐन मे महिन्यात!

"काका, कॉम्प्युटरवर हिरवं केलंय," शेजारी बसलेला ओंकार कानाशी लागला. "काळं वंगाळ दिसत हुतं म्हनून."

मग नाव पुकारलं गेलं. शाल आली, नारळ आला. मॅडम म्हणाल्या, "भिमाजी आहेत म्हणून आपल्या रस्त्यावर एक वाळलं पान दिसत नाही!" टाळ्या वाजल्या. भिमाजीनं हात जोडले. त्या शालीचा रंग त्याला पुढे कधीच आठवला नाही. शालननं ती ट्रंकेत टाकली, घडीही न मोडता.

वळीव सोमवारी आला.

त्यानं तरीही अर्धं बी त्या चिखलात पेरलं. अर्धं मडक्यात राखून ठेवलं, सगळं एकदम बाहेर काढायचं नाही ही आईची शिस्त. पंधरा दिवसांत तण गुडघ्याला लागलं. त्यात तांबडी साळ शोधायला तो वाकून वाकून फिरायचा. जी दहावीस रोपं वर आली ती पिवळी पडली आणि आषाढाच्या झडीत कुजून गेली. सोसायटीनं कंपनीचं बियाणं दिलं, शब्द पाळला. पिवळ्या पिशवीत होतं. भिमाजीनं ते ओंकारच्या घरी नेऊन ठेवलं.

वर्ष सरलं. पुन्हा मे आला. यंदा त्यानं राब रचला नव्हता. आधी बी तपासायचं ठरवलं. मडक्यातून ओंजळभर साळ काढून ओल्या फडक्यात बांधली आणि चुलीमागे उबेला ठेवली. शालन रोज फडक्यावर पाणी शिंपडायची. आठव्या दिवशी त्यानं गाठ सोडली. दाणे फुगले होते, काहींना बुरशी धरली होती. मोड एकालाही नव्हता. त्यानं चष्मा लावून दाणान् दाणा बोटानं फिरवून पाहिला. मग फडकं परत बांधलं आणि आणखी चार दिवस थांबला. उगाच आपलं.

तेराव्या दिवशी तो कामावर होता. माधवी मॅडम बागेत चहा घेत होत्या.

"भिमाजी, तुमच्याकडे तो लाल तांदूळ असतो ना? शुगरला फार चांगला म्हणे. आपण स्नेहभोजन करतोय, सगळं इथलंच, गावरान. दोन-तीन किलो द्याल?"

भिमाजी गुलाबाच्या आळ्यात खुरपं धरून बसला होता. तो उठला नाही. टोपीही काढली नाही.

"न्हाई," तो म्हणाला.

मॅडमनी कप खाली ठेवला. "नाही म्हणजे? संपला का?"

"न्हाई द्यायचा."

मॅडम जरा हसल्या, गोंधळल्या, मग 'बरं बरं' म्हणून आत गेल्या. भिमाजीनं खुरपं परत आळ्यात घातलं. साठी उलटल्यावर, एक वर्ष उशिरा, नको तिथे त्याला तो शब्द सापडला होता. आता त्या शब्दाचं तो काय करणार होता?

दुपारच्या सुट्टीत तो घरी आला आणि ओट्यावर बसला.

"शालन," तो म्हणाला, "मडक्यातलं काड. कांड आन् भात टाक."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "बियान्याचा?"

"बी न्हाई ऱ्हायलं ते. दानं हायत नुसतं. उंदरानं खाण्यापरीस आपन खाऊ."

शालननं मडकं पुढं ओढलं. उखळापाशी बसून तिनं साळ कांडली, पाखडली. तांबडे दाणे सुपात उतरले. तिनं ते धुतले, चुलीवर ठेवले. जुना होता तरी वास सुटलाच. सगळ्या घरात पसरला, दारातून बाहेर गेला. शेजारची विठाबाई ओट्यावर येऊन म्हणाली, "अगं बया, आज कसला सन गं शालन? कस्तुराबाईच्या येळंचा वास आला!"

"सन कसला, मावशी," शालन म्हणाली. "जेवतोय आपलं. या, बसा."

विठाबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती बसली नाही, परत गेली.

दोघं समोरासमोर जेवली. वर मीठ, तूप, एवढंच. भिमाजीनं बोटांनी ताट पुसून घेतलं, एक शीत मागे राहू दिलं नाही.

"आईनं मला म्हाफ केलं नसतं," तो म्हणाला.

"मी बी केलेलं न्हाई," शालन म्हणाली, आणि त्याच्या ताटात आणखी एक वाढणी घातली.

दोनची वेळ होत आली. त्यानं हात धुतले, हिरवा सदरा चढवला. कुंपण अर्धं कातरायचं राहिलं होतं. फाटकाशी जाऊन त्यानं वळून पाहिलं. शालन अंगणात उकिडवी बसली होती. चुलीतली राख घेऊन ती काळं मडकं आतून खसाखसा घासत होती. मग तिनं ते दोन पाण्यांनी धुतलं आणि दगडावर उन्हात पालथं घातलं.