पलंगाखालची बरणी

माझ्या जिभेला हाड नाही, असं आई लहानपणापासून म्हणत आलीय. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आले तरी जीभ काही आवरली नाही.

किडनीच्या वॉर्डात माझी सकाळची ड्युटी होती. कोपऱ्यातल्या पलंगावर एक सुतार होता. चार दिवस जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलं आणि किडन्याच बंद पडल्या. त्या पुन्हा चालू होतात की नाही, यावर त्याचा जीव होता. म्हणून दिवसभराची लघवी पलंगाखालच्या बरणीत साठवायची आणि सकाळी मी मोजून तक्त्यात लिहायची. भांडं बरणीत रिकामं करायचं काम त्याच्या बायकोकडे.

पहिल्या सकाळी बरणीत जेमतेम दीडशे मिली. मला वाटलं, बाई निम्मी संडासात ओतून येतेय. पुष्कळ नातेवाईक तसं करतात, किळस येते ना. आणि बोलणी खायची मी! माझं डोकंच फिरलं.

"मावशी, थेंब अन् थेंब बरणीत हवा, असं सांगितलं होतं की नाही? उद्या एवढीच दिसली तर तुम्हाला इथे थांबू देणार नाही."

बाई बरणी पलंगाखाली सरकवू लागली. सुतारच म्हणाला, "तिला कशाला बोलता सिस्टर? वाळकं लाकूड आहे हे. पिळून काय निघणार?"

आजूबाजूचे पेशंट हसले. मीही हसले. तो खरं सांगत होता, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

दुसऱ्या सकाळी बाराशे. तपासणीतही लघवी चांगली निघाली. "वा, लघवी चांगली आहे. किडन्या कामाला लागल्या," राउंडला डॉक्टर म्हणाले. "सलाईन वाढवा. रक्ताचा रिपोर्ट सुधारायला वेळ लागतो." मोठ्या सिस्टरांनी माझा तक्ता इतर मुलींना दाखवला. सुताराचे डोळे सुजलेले मी पाहिले होते. पण आकडा चांगला होता, म्हणून गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेराशे लिहिले आणि दुपारी त्याला श्वास घेता येईना. डॉक्टरांनी लघवीची नळी घातली. पिशवीत चार थेंब आले. दिलेलं सलाईन सगळं अंगातच साठलं होतं.

"तेराशे कोणी लिहिले?"

"मी," म्हणाले आणि तशीच बाहेर त्याच्या बायकोकडे धावले.

"तुम्ही म्हणालात, थांबू देणार नाही," ती म्हणाली. "यांच्या तोंडात पाणी घालायला दुसरं कोण आहे? म्हणून मी माझी ओतत होते."

मला तिचा राग येईना. रागवायला तोंड कुठे होतं मला?

मी आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. डायलिसिसचं मशीन आणायला माणसं पळाली, पण त्याआधीच त्याचं हृदय थांबलं. बराच वेळ छाती दाबली. मग डॉक्टरांनी हात काढून घेतले.

हे सांगायला मलाच बाहेर पाठवलं. बाई बाकावरून उठली. मी काही बोलायच्या आत तिने माझा हात धरला.

"ताई, लघवी चांगली आहे म्हणाले होते ना डॉक्टर? म्हणजे माझ्या किडन्या चांगल्या आहेत. त्यातली एक काढून यांना द्या. सही कुठे करायची, तेवढं सांगा."

"विचारून येते," मी म्हणाले.

आत सुताराभोवती पडदा ओढून झाला होता. मी पडद्याआड जाऊन उभी राहिले. बाहेर जायची माझी छाती होईना.