मासिक हवं की नको

हायब्रिड गाडीवाला ओळखायचा असेल तर एकदा त्याच्या मागे अडकून बघावं. पुढे रस्ता मोकळा, सिग्नल हिरवा, आणि हा बाबा आजारी माणसाला घेऊन निघाल्यासारखा हळूहळू चाललेला. मागचे हॉर्न वाजवून दमतात, काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. याचं लक्ष मात्र समोरच्या पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर. खूण दिसतेय तोवर गाडी बॅटरीवर आहे, पेट्रोलचा थेंब जळत नाहीये, मग बाकी जगाचं काहीही होवो.

असल्या लोकांसाठी एक मासिक निघत होतं. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, महिन्याच्या महिन्याला टपालाने घरपोच. त्याचे संपादकही याच जातकुळीतले. नातेवाइकांत त्यांना 'मायलेज' म्हणत. आधी पाठीमागे म्हणायचे, हल्ली तोंडावर. दवाखान्यात कुणाला बघायला गेले तरी थोड्या वेळाने ते रुग्णाच्या मुलाला कोपऱ्यात घेऊन विचारत, "तुमची गाडी किती देते हो?"

मासिकाचे मालक म्हणजे त्यांचे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. साडूंचा छापखाना जोरात होता. औषधांची खोकी, शाळांच्या वह्या, हॉटेलांची मेन्यूकार्डं, काय म्हणाल ते. त्यात हे मासिक कुठून आलं, तर धाकट्या बहिणीचा नवरा नोकरी सुटल्यावर घरी बसू नये म्हणून ताईंनी नवऱ्यामागे भुणभुण लावली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं. संपादकांना नव्हतं, किंवा असलं तरी त्यांनी ते कधी मनाला लागू दिलं नाही. त्यांच्या मते साडूंना काळाची पावलं ओळखता आली होती.

एके दिवशी साडूंनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि सरळ विषयाला हात घातला.

"संपादक, खरं सांगा, हे मासिक कुणाला हवंय? माझा नातूसुद्धा गाडीचं सगळं फोनवर बघतो. व्हिडिओ काय, मापं काय, सगळं फुकट."

"भाऊसाहेब, फोनवर माहिती मिळते, आपली माणसं भेटत नाहीत," संपादक म्हणाले. हे वाक्य त्यांनी बरेच दिवस तयार ठेवलं होतं. "पेट्रोलवाल्यांची मासिकं आपल्याला कोपऱ्यातलं अर्धं पान देतात. बॅटरीवाले तर वाळीतच टाकतात. म्हणतात, टाकी ठेवलीय ना, म्हणजे मनातून पेट्रोलवालेच. हायब्रिडवाला धड इकडचा नाही, धड तिकडचा नाही. त्याला स्वतःचं असं काहीतरी हातात धरायला हवं की नको?"

"ते मला कशाला विचारता? त्यांनाच विचारा," साडू म्हणाले. "पुढच्या अंकात छापा. मासिक हवं की नको, कळवा. पत्र लिहा, फोन करा, काय वाटेल ते करा. महिनाभरात लोक बोलले तर चालू ठेवू. नाही बोलले तर गाशा गुंडाळू. मग तुमच्या ताईंकडून वशिला लावायचा नाही."

संपादकांनी छाती पुढे काढून होकार दिला. वाचकांवर त्यांचा असा विश्वास होता, की बायकोला वाटे त्यातला थोडा आपल्यावर असता तर संसार सुखाचा झाला असता.

त्या अंकासाठी त्यांनी जीव ओतला. पहिल्या पानावर 'मासिक हवं की नको?' हा लेख लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. आयुष्यात त्यांनी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं पान होतं, आणि हे त्यांचं त्यांनाही कळलं होतं. खाली कापून पाठवायचं कूपन ठेवलं. अंक छापून, बांधून, पाकिटांत घालून टपालात पडला. त्यांच्या टेबलावर गठ्ठा आला तो त्यांनी डोळे भरून पाहिला आणि तसाच ठेवला. छापलेला अंक ते कधी उघडत नसत. तीन वेळा प्रुफं वाचलेल्या माणसाला उघडल्या पानावर पहिली चूकच दिसते, मग महिनाभर अन्न गोड लागत नाही. हा त्यांचा जुना नेम होता.

मग वाट बघणं सुरू झालं. पहिल्या आठवड्यात ते म्हणाले, टपाल हल्ली उशिरा येतं. दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, लोक सावकाश वाचतात, आपला वाचक घाईचा नाही. पुढे पुढे काही म्हणेनासे झाले. टपालवाला आला की जिन्यात जाऊन उभे राहत, आणि विजेचं बिल घेऊन वर येत.

एक फोन तेवढा आला. एका म्हाताऱ्या दंतवैद्यांचा. अंक त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर ठेवलेला असे.

"अंक नेहमीसारखाच उत्तम हो! बॅटरीच्या पंख्याची जाळी कशी साफ करायची, तो लेख फार वेळेवर आला."

"आणि पहिलं पान?" संपादकांनी श्वास रोखून विचारलं.

"तेही उत्तम. सगळंच उत्तम." फोन ठेवला गेला.

पंख्याच्या जाळीवर या अंकात लेखच नव्हता. म्हातारा मागचा कुठला तरी अंक चाळत बसला असेल, अशी संपादकांनी स्वतःची समजूत घातली.

साडूंकडे जायचा दिवस उद्यावर आला तेव्हा त्यांनी ठरवलं, आपणच उठायचं. चार ओळखीच्या वाचकांच्या घरी जायचं, हातात अंक ठेवायचा, समोर बसून कूपन भरून घ्यायचं. जादा प्रती घ्यायला ते खाली तळघरातल्या बाइंडिंगच्या गोदामात उतरले. तिथे भिंतीला लागून छापील कागदांचे गठ्ठे सुतळीने बांधून रचलेले होते. सगळ्यात वरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत होतं, 'मासिक हवं की नको?'

"हे काय?" त्यांनी बाइंडरला विचारलं.

"जादाचे असतील, साहेब."

"एवढे? हा तर सबंध अंक आहे! मग टपालात गेलं काय?"

बाइंडरने डोकं खाजवलं. संपादकांनी शेजारच्या ढिगातला एक तयार अंक ओढला आणि नेम मोडून उघडला. वर मुखपृष्ठ या महिन्याचं होतं. आत गेल्या वर्षीची, याच महिन्याची पानं होती.

झालं होतं ते अगदी साधं. गेल्या वर्षी गाड्यांच्या प्रदर्शनात वाटायला म्हणून याच महिन्याच्या अंकाची पानं भरमसाट छापली होती, आणि प्रदर्शनच रद्द झालं. उरलेली पानं रद्दीत घालायला निघाली तेव्हा संपादक आडवे आले होते. आपली अक्षरं किलोवर जाताहेत हे त्यांना बघवेना. म्हणून गठ्ठे राहिले, आणि बाइंडरने बांधायला घेतले ते नेमके तेच.

"चिठ्ठीवर महिना लिहिलेला असतो, साहेब. साल कोण लिहितं?" बाइंडर म्हणाला. "वर्षाच्या आत सगळ्यांची रद्दी जातेच. तुमचीच जात नाही."

एरवी संपादकांनी त्याला फाडून खाल्लं असतं. आज त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. प्रश्न वाचकांपर्यंत पोचलाच नव्हता! ज्याला विचारलंच नाही तो उत्तर देणार कुठून? महिनाभर ते मनातल्या मनात ज्यांना कृतघ्न, आळशी, बेइमान म्हणत होते ते बिचारे निर्दोष होते. तो अंक पिशवीत कोंबून, एका दमात जिने चढून ते रस्त्यावर आले आणि घरी पोचले ते जवळजवळ धावतच.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, हातवारे करून, मधेच हसून. तिने घडी घालणं थांबवलं नाही.

"म्हणजे सगळ्यांना गेल्या वर्षीचा अंक गेला?"

"सगळ्यांना! एकूण एक!"

"मग महिनाभरात कुणी म्हणालं कसं नाही?"

संपादकांनी पिशवी पुढे ओढली.

ते खुर्चीत बसले आणि पिशवीतला अंक काढून पानं उलटू लागले. वाचकांच्या मायलेजचा तक्ता आला. दर महिन्याला लोक आपापले आकडे पाठवत आणि एकेका आकड्यासाठी भांडत. तक्त्यात पहिल्या नंबरावर एक निवृत्त प्राध्यापक होते. ते सहा महिन्यांपूर्वी वारले होते. त्यांच्यावरचा मृत्युलेख संपादकांनी स्वतः लिहिला होता, डोळे पुसत. आणि आता हा गेलेला माणूस सगळ्या जिवंतांना मागे टाकून पहिला आला होता, आणि दुसऱ्या नंबरवाल्याने हूं की चूं केलं नव्हतं. प्राध्यापकांच्या घरी अजून अंक जात होता. तिथूनही कुणी काही कळवलं नव्हतं.

"उद्या दाजींना हे सांगू नका," बायको हळूच म्हणाली. "पत्रं आली नाहीत एवढंच म्हणा. आणखी एक संधी मागा. मीही ताईशी बोलते."

ते 'बरं' म्हणाले. आणि खरंच न सांगायचं ठरवूनच ते दुसऱ्या दिवशी गेले.

साडू खुशीत होते. "काय संपादक, पत्रांची पोती खाली ठेवलीत वाटतं?"

"नाही आली," संपादक म्हणाले.

"एकही?"

"एकही नाही. भाऊसाहेब, आणखी एक महिना द्या."

"कशाला? अहो, माणसं बघा तुमची! पेट्रोलच्या थेंबासाठी रस्ताभर लोकांच्या शिव्या खातील, पण ज्याने इतकी वर्षं त्यांची पालखी वाहिली त्याच्यासाठी दोन ओळी खरडणार नाहीत. कंजूष ते कंजूष, वर नमकहराम."

इथे संपादकांचा तोल गेला. स्वतःला काही म्हटलं असतं तर गिळलं असतं, आजवर कितीतरी गिळलं होतं. पण वाचकांना नमकहराम म्हटलेलं त्यांना सोसवेना. जो माणूस आपल्याला वाचतच नाही त्याची बाजू घेऊन ते तावातावाने उभे राहिले.

"त्यांना बोलू नका! त्यांच्यापर्यंत प्रश्न गेलाच नाही!" आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

साडूंनी अंक हातात घेतला. मुखपृष्ठ पाहिलं, आत पाहिलं, पुन्हा मुखपृष्ठ पाहिलं. मग ते हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. संपादक ते संपायची वाट बघत उभे होते. पण हसू ओसरल्यावर साडूंचा चेहरा एकदम कामाचा झाला.

"कुणाच्याच लक्षात नाही आलं? जाहिरातवाल्यांच्याही?"

"ते मागचं पान तेवढं बघतात. ते या महिन्याचंच होतं."

"म्हणजे मुखपृष्ठ नवं पाहिजे, मागचं पान नवं पाहिजे." साडू टेबलावर बोटं वाजवत होते. "संपादक, तुम्ही फार मोठं काम केलंत. मासिक बंद करायचं नाही. चालू ठेवायचं."

"खरंच?"

"अहो, शोरूमवाल्यांना काचेच्या टेबलावर ठेवायला काहीतरी लागतं. दवाखान्यांना लागतं. लोकांनाही दारात पाकीट पडलेलं बरं वाटतं. आतल्या जुन्या फायली आपल्याकडे आहेतच. मुखपृष्ठ बदलायचं, जाहिरात बदलायची, झाला अंक. लेख नकोत, प्रुफं नकोत, डोकेफोड नको."

"ही फसवणूक आहे, भाऊसाहेब."

"कुणाची? फसवणूक होते ती ज्याला कळतं त्याची. इथे कळलंय कुणाला?"

"मला कळलंय."

"तुमचं नाव आहे तसंच राहील की! संपादकाशिवाय मासिक असतं का कुठे? मानधनही चालू राहील. फक्त यायची गरज नाही. आराम करा आता."

संपादक म्हणाले, "त्यापेक्षा बंद करा. हात जोडतो."

"वा!" साडू खरोखरच दुखावले. "चालू ठेवा, चालू ठेवा म्हणून आत्तापर्यंत माझ्या डोक्यावर बसलात. आता चालू ठेवतोय तर बंद करा? तुम्हाला हवंय तरी काय?"

कुणीतरी वाचावं एवढंच त्यांना हवं होतं. पण ते साडूंच्या हातातलं नव्हतं, आणि ज्यांच्या हातात होतं त्यांनी महिनाभरापूर्वीच उत्तर दिलं होतं.

ते घरी पोचायच्या आत ताईंचा फोन येऊन गेला होता. बायको दारातच उभी होती, बऱ्याच दिवसांनी चेहरा उजळलेला.

"मासिक चालू राहणार म्हणे! ताई म्हणाली, दाजींना तुमचं कौतुक वाटलं. आणि रोज जायची दगदगही नाही. बघा, मी म्हणत नव्हते, दाजी मनाने चांगले आहेत?"

"हो," संपादक म्हणाले.

"सांगून टाकलंत ना शेवटी? बरं केलंत. माझंच चुकलं." तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांना बसवलं, समोर बसली. आणि लग्नाला इतकी वर्षं झाली, मासिक सुरू होऊनही बरीच झाली, पण जे तिने कधी विचारलं नव्हतं ते आज आपण होऊन विचारलं.

"काय आहे हो पुढच्या अंकात? सांगा ना."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच उत्सुक होती. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. थंडीत बॅटरी कशी जपावी हा लेख, मग जुनी हायब्रिड घेताना काय बघावं, मग वाचकांचे प्रश्न, मग मायलेजचा तक्ता आणि त्यात पहिले प्राध्यापक. पानामागून पान ते सांगत गेले, कुठेही अडले नाहीत. ती ऐकत होती, मधून मधून मान डोलवत होती, आणि एवढं छान लिहितात हे, आपल्याला माहीतच नव्हतं, असं तिला वाटत होतं.