आवाजाचा शब्द

मालतीने दप्तर डोक्यावर उचलून धरलं होतं आणि बाईंनी मान हलवण्याची ती वाट पाहत होती. फळ्यावर इंग्रजीत एकच शब्द होता, थड.

बालीगंजच्या त्या मुलींच्या शाळेत कालिंदीबाईंची ही तऱ्हा सर्वांच्या अंगवळणी पडली होती. वर्गात बंगाली होत्या, गुजराती होत्या, फाळणीत घरदार सोडून आलेल्याही होत्या. अर्थ सांगायचा तरी कुठल्या भाषेत? म्हणून आवाजाचा शब्द आला की बाई आवाजच करायला लावत. रसल आला की कागद चुरगळायचा, बँग आला की बाकाचं झाकण आपटायचं, थड आला की दप्तर जमिनीवर टाकायचं. शेजारच्या वर्गावरच्या बाई कातावत, पण मुली हा तास चुकवत नसत.

"ठेव खाली," बाई म्हणाल्या. "हळू."

मालती हिरमुसली. बाईंची मुलगी हेमा गच्चीवरून पडून गेली आणि बाई आज प्रथमच शाळेत आल्या आहेत, हे मुलींना ठाऊक होतं. त्यापलीकडचं बाईंच्या नवऱ्याला, श्यामरावांनाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ऑफिसातून धावत आलेल्या नवऱ्याने विचारलं होतं, पडल्याचा आवाज तुला आला नाही का? नाही, असं त्या सांगून बसल्या. आवाज आला होता. कोळसेवाल्याने अंगणात पोतं टाकलं असेल, बरं झालं, कोळसा संपतच आलाय, असं मनाशी म्हणत त्यांनी पुढची पोळी लाटायला घेतली होती. त्या 'बरं झालं'ची त्यांना आता किळस येई. आजचा तास निभावला तर पुढचेही निभावतील, एवढ्याच आशेवर त्या आल्या होत्या.

त्यांनी फळ्यावर अर्थ लिहिला, जड वस्तू पडल्याचा बद्द आवाज. मुली वहीत उतरवू लागल्या. मालतीला मात्र चैन पडेना.

"दीदीमणी, कोळशाचं पोतं पडतं, तसा?"

बाईंच्या हातातला खडू मोडला.

"हो," त्या म्हणाल्या. "तसाच. ओळखू येत नाही."

तास निभावला. घरी येऊन त्यांनी कणीक मळली, तवा ठेवला. श्यामराव पुढच्या खोलीत पेपर वाचत होते. पहिली पोळी तव्यावर पडते न पडते तोच अंगणात बद्दकन आवाज झाला.

लाटणं टाकून बाई जिन्यावरून धावत सुटल्या. खाली कोळसेवाला पोतं भिंतीला टेकवत होता. पिठाच्या हातांनी कठडा धरून त्या शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

मागून श्यामराव उतरत आले. "अगं, कोळसा आलाय. एवढं घाबरायला काय झालं?"

"त्या दिवशीही मला हेच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "कोळसा आला, असंच."

श्यामराव तिथेच पायरीवर बसले. कोळसेवाला काही वेळ थांबला, मग पैसे उद्या नेईन म्हणाला आणि निघून गेला. वरून पोळी करपल्याचा वास येऊ लागला, तरी दोघांपैकी कुणीही वर गेलं नाही.